सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनची जुनी हद्द पायी कशी शोधावी

बुश स्ट्रीट आणि ग्रँट अ‍ॅव्हेन्यूच्या नाक्यावर हिरव्या कौलांची ड्रॅगन गेट आहे. बे एरियातल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील आले की त्यांना या कमानीखाली उभं करून फोटो काढला जातो आणि चायनाटाउन इथून सुरू होतं असं सांगितलं जातं. ही कमान १९७० सालची आहे. १८८५ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी चायनाटाउनचा अधिकृत नकाशा छापला, तेव्हा वस्तीची दक्षिण हद्द इथून दोन ब्लॉक पुढे, कॅलिफोर्निया स्ट्रीटवर धरली होती. म्हणजे कमानीपासून कॅलिफोर्निया स्ट्रीटपर्यंत तुम्ही जे चालता, ते जुनं चायनाटाउन नव्हेच.

हद्द शोधायची तर आधी साल ठरवा. या वस्तीची रेषा निदान चार वेळा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या हेतूंनी आखली आहे. ‘चायनाटाउनची हद्द कुठली’ या प्रश्नाला साल न लावता दिलेलं उत्तर अर्धवटच असतं.

घरून निघण्यापूर्वी

तीन नकाशे लागतात आणि तिन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. पहिला १८८५ चा अधिकृत नकाशा. तो डेव्हिड रमसी या जुन्या नकाशांच्या ऑनलाइन संग्रहात आहे, मोठ्या आकारात उतरवून घ्या. दुसरा सॅनबर्न कंपनीचा आग-विम्याचा नकाशा. त्याचे १९०५ आणि १९१३-१५ असे दोन्ही संच बघा, कारण मध्ये १९०६ चा भूकंप येतो. तिसरा आजचा, शहराच्या नियोजन खात्याच्या संकेतस्थळावरचा. त्यात कुठल्याही पत्त्यावर टिचकी मारली की त्या जागेचा झोन (तिथे काय बांधता-चालवता येतं हे ठरवणारा विभाग) आणि इमारतीचं बांधकाम-वर्ष दिसतं.

सॅनबर्न वाचायला सोपा आहे. एक इंच म्हणजे ५० फूट. गुलाबी रंग विटांच्या बांधकामाचा, पिवळा लाकडी. ‘डी’ अक्षर म्हणजे राहतं घर, ‘एस’ म्हणजे दुकान. दोन्ही संचांतला एकच ब्लॉक शेजारी शेजारी ठेवून पाहा. रस्ते जागेवर राहिलेले आणि इमारती पार बदललेल्या दिसतील.

१८८५ च्या नकाशाला मात्र जपून हात घाला. तो वस्तीच्या सोयीसाठी काढलेलाच नाही. शहराचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या विशेष समितीने चिनी लोकांविरुद्धच्या अहवालासाठी तो काढला. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी घालणारा चिनी बहिष्कार कायदा होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. जुगाराचे अड्डे, वेश्यावस्ती, अफूचे अड्डे आणि देवळं यांना त्यात वेगवेगळे रंग आहेत. शाळा, वाचनालय, दवाखाना यांना रंगच नाही. जागा कुठे होत्या हे कळायला तो उपयोगी आहे. लोक कसे राहत होते हे त्यावरून ठरवू नका.

रस्त्यांचा क्रम पाठ असला की काम निम्मं होतं. दक्षिणेकडून उत्तरेला बुश, पाइन, कॅलिफोर्निया, सॅक्रामेंटो, क्ले, वॉशिंग्टन, जॅक्सन, पॅसिफिक, ब्रॉडवे. पूर्वेकडून पश्चिमेला कर्नी, ग्रँट, स्टॉकटन, पॉवेल. जुन्या कागदांत ग्रँट हे नाव सापडणार नाही, तिथे ड्यूपाँट स्ट्रीट शोधा. १९०६ नंतर इथे नाव बदललं, पण रस्त्याच्या पाटीवरच्या चिनी अक्षरांत आजही ड्यूपाँटचाच उच्चार आहे. तसंच जुन्या नकाशातला माँटगोमेरी अ‍ॅव्हेन्यू म्हणजे आजचा कोलंबस अ‍ॅव्हेन्यू. शेजारचा माँटगोमेरी स्ट्रीट वेगळा. ही गफलत फार जणांची होते.

१८८५ ची चौकट: बारा ब्लॉक

दक्षिणेला कॅलिफोर्निया, उत्तरेला ब्रॉडवे, पूर्वेला कर्नी, पश्चिमेला स्टॉकटन. सहा ब्लॉक लांब, दोन ब्लॉक रुंद. पूर्ण फेरी जेमतेम दोन किलोमीटरची भरते, पण थांबत, पाट्या वाचत तीन तास सहज जातात.

चढाचा विचार करून दिशा ठरवा. कर्नीवरून स्टॉकटनकडे जाताना कॅलिफोर्निया स्ट्रीटचा चढ छातीवर येतो. ब्रॉडवेचा त्यामानाने सौम्य आहे. म्हणून फेरी अशी करा की कॅलिफोर्निया उतरायला मिळेल आणि ब्रॉडवे चढायला. सुरुवात शहराच्या मेट्रोच्या टी लाइनवरच्या चायनाटाउन-रोझ पाक स्टेशनापासून, म्हणजे स्टॉकटन आणि वॉशिंग्टनच्या नाक्यावरून. शनिवार-रविवारी स्टॉकटनवर भाजी-मासळीच्या खरेदीची एवढी गर्दी असते की थांबून काही बघता येत नाही. मधल्या वारी सकाळी जा.

स्टेशनातून बाहेर पडून स्टॉकटनवर दक्षिणेकडे वळा आणि वॉशिंग्टन ते क्ले या पट्ट्यातच थांबा. पूर्वेच्या फुटपाथवर, ९२६ क्रमांकाला, १९०० साली ज्यू हो नावाच्या व्यापाऱ्याचं किराणा दुकान होतं. त्या वर्षी मार्चमध्ये ड्यूपाँट आणि जॅक्सनच्या नाक्यावरच्या एका हॉटेलच्या तळघरात प्लेगचा मृत्यू आढळला आणि वस्तीभोवती दोर बांधून पहारा बसवला गेला. काही दिवसांत तो उठला. मेच्या अखेरीला पुन्हा बसला आणि जूनच्या मध्यापर्यंत राहिला. रेषा ढोबळमानाने १८८५ च्याच चौकटीवरची होती, फक्त ती सरळ नव्हती. एकाच ब्लॉकमधली गोऱ्यांची घरं आणि दुकानं वगळून ती वळणं घेत गेली होती. आत अडकलेला ज्यू हो न्यायालयात गेला. न्यायाधीश मॉरो यांनी हे विलगीकरण फक्त चिनी लोकांविरुद्ध वापरलं जात असल्याचा निष्कर्ष काढून ते रद्द केलं. रोगाला जातपात कळत नाही, हे सांगायला न्यायालय लागलं. हद्द शोधणाऱ्याने या पट्ट्यात वेळ काढावा, कारण इथली रेषा दारादारांतून गेली होती आणि ती कशी गेली याची नोंद निकालपत्रात आहे.

पुढे क्ले ओलांडलं की पश्चिमेच्या बाजूला ८४३ क्रमांकाची सिक्स कंपनीजची इमारत दिसते. गावोगावच्या लोकांच्या संघटनांची ही मध्यवर्ती संस्था वस्तीच्या वतीने खटले चालवायची.

सॅक्रामेंटोच्या नाक्यावर एक अडचण येते. स्टॉकटनचा रस्ता इथून १९१४ च्या बोगद्यात शिरतो, त्यामुळे जुन्या चौकटीचा नैर्ऋत्य कोपरा जमिनीवर नीट ओळखू येत नाही. बोगद्यात शिरू नका. सॅक्रामेंटो स्ट्रीटने ग्रँटकडे उतरा. याच रस्त्याच्या कर्नी ते ड्यूपाँट या तुकड्यात १८५० च्या आसपास पहिली चिनी दुकानं थाटली होती. वस्तीचा उगम इथला. ग्रँटवर उजवीकडे वळलात की पुढचाच नाका कॅलिफोर्नियाचा.

या नाक्यावर तीन इमारतींकडे नीट बघा. ईशान्य कोपऱ्यावरचं विटांचं ओल्ड सेंट मेरीज हे १८५४ सालचं चर्च. भूकंपानंतरच्या आगीत ते आतून जळलं, भिंती टिकल्या. घड्याळाखाली बायबलमधलं वचन कोरलं आहे: मुला, वेळ ओळख आणि पापापासून दूर पळ. समोरच्या कोपऱ्यांवर सिंग चाँग आणि सिंग फॅट या शिखरवाल्या इमारती आहेत, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. वर वळलेली छपरं आणि रंगीत शिखरं पाहून लोक त्यांना वस्तीतल्या सर्वांत जुन्या इमारती समजतात. प्रत्यक्षात त्या भूकंपानंतर उभ्या राहिल्या. आराखडे रॉस आणि बर्गरेन या अमेरिकन वास्तुविशारदांचे. १९०६ पूर्वीचं चायनाटाउन दिसायला शहराच्या इतर भागांसारखंच होतं, साध्या विटांचं आणि लाकडाचं. त्यामुळे शिखर दिसलं की १९०६ नंतरचं बांधकाम समजा.

ती शिखरं का आली हेही हद्दीशीच जोडलेलं आहे. १८९० मध्ये शहराने बिंगहॅम वटहुकूम काढून सगळ्या चिनी रहिवाशांना साठ दिवसांत शहराच्या आग्नेय टोकाला, कत्तलखान्यांच्या भागात जायला फर्मावलं होतं. न्यायालयाने तो वटहुकूम रद्द केला. सोळा वर्षांनी आगीत सगळं जळाल्यावर तोच विचार परत आला; या वेळी जागा हंटर्स पॉइंटची. चीनच्या सरकारने विरोध केला. भाडं बुडेल म्हणून गोरे घरमालकही कुरकुरले आणि व्यापार दुसऱ्या बंदराला जाईल अशी शहरालाही भीती वाटली. तेवढ्यात लुक टिन इलाय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी झपाट्याने बांधकाम काढलं आणि ते मुद्दाम असं काढलं की पर्यटक यावेत, शहराला ही वस्ती हवीशी वाटावी. वस्ती जागेवर राहिली ती यामुळे.

आता कॅलिफोर्नियाने कर्नीपर्यंत उतरा आणि डावीकडे वळा. क्ले आणि वॉशिंग्टनच्या मधला पोर्ट्समथ स्क्वेअर म्हणजे शहराचा मूळ चौक. १८४६ च्या जुलैत अमेरिकेचा झेंडा इथेच लागला. जॅक्सनच्या नाक्याजवळ, कर्नीच्या पूर्वेच्या बाजूला, ८४८ क्रमांकाला इंटरनॅशनल हॉटेल होतं. फिलिपिनो वस्तीचा हा शेवटचा आधार. ४ ऑगस्ट १९७७ ला पोलिसांनी तिथल्या म्हाताऱ्या भाडेकरूंना बाहेर काढलं. आजची इमारत नवी आहे. कर्नीची पूर्व बाजू चायनाटाउनमध्ये धरताना ही दुसरी वस्ती पुसून टाकू नका. नकाशावर तिला वेगळा रंग द्या.

पुढे कोलंबस अ‍ॅव्हेन्यू तिरपा आडवा येतो आणि सरळ रेषेत चालण्याची सवय इथे मोडते. ब्रॉडवेला पोहोचलात की डावीकडे. उजवीकडचा नॉर्थ बीच हा इटालियनांचा भाग. ब्रॉडवेने स्टॉकटनवर परत आलात की चौकट पूर्ण झाली.

स्टॉकटनच्या पश्चिमेला

पॉवेलपर्यंतचा पट्टा १८८५ च्या नकाशात नाही. पण सॅक्रामेंटोवर ९२० क्रमांकाचं कॅमेरॉन हाउस हे मुली-बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेचं घर बघा. ज्युलिया मॉर्गन यांच्या आराखड्याचं, भट्टीत जास्त भाजून काळ्या-वाकड्या झालेल्या विटांचं. ते १९०८ चं आहे. जॅक्सनवर ८४५ ला चायनीज हॉस्पिटल, सुरुवात १९२५. क्लेवर ९६५ ला वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संघटनेची इमारत, १९३२ ची, तीही ज्युलिया मॉर्गन यांचीच. आता तिथे चिनी-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय आहे. तिन्ही स्टॉकटनच्या पलीकडे. घरांच्या करारांतल्या वर्णभेदी अटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केल्या त्या १९४८ मध्ये. म्हणजे घर घेणं इथे अवघड होतं तेव्हाच दवाखाना आणि आसऱ्याच्या संस्था जुन्या रेषेच्या पलीकडे गेल्या होत्या. वस्तीने स्वतः आखलेली हद्द शोधायची तर दुकानांपेक्षा संस्थांचे पत्ते मांडा. दुकानं भाड्याने बदलतात, दवाखाना सहसा जागेवर राहतो.

परतताना आतल्या गल्ल्यांतून या. जॅक्सन ते वॉशिंग्टन रॉस अ‍ॅली, वॉशिंग्टन ते सॅक्रामेंटो वेव्हर्ली प्लेस. वेव्हर्लीवर १२५ ला टिन हाउ देवीचं देऊळ आहे, स्थापना १८५२, इमारत भूकंपानंतरची. अगदी वरच्या मजल्यावर जिने चढून जावं लागतं, आत फोटो काढू नयेत, आणि दानपेटीसाठी सुटे डॉलर जवळ ठेवावेत.

घरी आल्यावर

आता नियोजन खात्याच्या नकाशावर आजची रेषा घ्या. १९८० च्या दशकात चायनाटाउनसाठी तीन खास झोन झाले: ग्रँटवर मुख्यतः पर्यटकांच्या दुकानांचा, कर्नी-ब्रॉडवेच्या कडेने व्यापाराचा, आणि स्टॉकटनपासून पॉवेलकडे राहती घरं व रोजच्या बाजाराचा. शेजारच्या व्यापारी केंद्रातले उंच मनोरे इथे सरकू नयेत म्हणून ही तजवीज होती. वस्तीला कोंडण्याऐवजी राखण्यासाठी आखलेली ही रेषा आहे, म्हणून तिला वेगळ्या शाईने काढा.

बांधकाम-वर्ष तपासताना ‘१९००’ दिसलं तर त्यावर विसंबू नका. जुनं दप्तर आगीत गेल्याने नक्की साल माहीत नसलेल्या बऱ्याच इमारतींना हा आकडा लावलेला आहे. चायनाटाउन तर जवळजवळ सगळंच जळालं होतं. अशा इमारतीसाठी १९१३-१५ चा सॅनबर्न उघडा; तिथे तिचाच आकार, तेवढेच मजले आणि तोच रंग असेल तर ती १९०६ ते १९१५ मधली समजायला हरकत नाही.

शेवटी रेषा कुठून काढायची याचा निर्णय. १८८५ आणि १९०० च्या रेषा रस्त्यांच्या नावांनी सांगितलेल्या आहेत, त्या रस्त्याच्या मध्यावरून काढा. १९०० मधली वगळलेली घरं निकालपत्रातून जेवढी ओळखता येतात तेवढी ठिपक्यांनी दाखवा. आजचे झोन मात्र भूखंडांच्या सीमेवरून जातात, आणि एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन झोनमध्ये पडू शकतात. ते रस्त्याच्या मध्यावर ओढून सरळ केले तर नकाशा चुकेल.