टॅकोमीटरचा काटा नाचत असेल तर काय तपासावे

कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये बाहेरून आणलेला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारे मीटर, बसवला आणि काटा नाचू लागला, की "मीटरच खराब आहे, बदलून टाका" असा सल्ला हमखास मिळतो. दोष बहुधा तारांत असतो आणि नवे मीटरही तसेच नाचते.

काटा मुळीच हलत नसेल, तर मीटरला ठिणग्यांचा इशारा देणारी सिग्नलची तार इग्निशन कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या) ऋण टोकालाच लागली आहे ना, एवढे पाहावे. तारांच्या रंगांबाबत मीटरसोबत आलेला कागदच प्रमाण मानावा.

खरी डोकेदुखी नाचणाऱ्या काट्याची. इंजिन चालू ठेवून इंडिकेटर लावावा. त्याच्या टिकटिकीच्या तालावर काटा हलला, किंवा हेडलाइट लावताच सरकला, तर मीटरचे अर्थिंग, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली जोडणी, कच्चे आहे असे समजावे. डॅशबोर्डखालचा हाताशी येईल तो स्क्रू गाठून मीटरची काळी, म्हणजे अर्थिंगची, तार अडकवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण तो स्क्रू पुष्कळदा रंगावर किंवा नुसत्या प्लास्टिकमध्ये बसलेला असतो. एक लांब तार घेऊन काळे टोक तात्पुरते थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावे; काटा स्थिरावला, तर बॉडीवरचा रंग खरवडून, तारेच्या टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची टोपी) लावून पक्के अर्थिंग करावे. त्यानंतर हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरने काळी तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधला व्होल्टेज मोजावा, तो ०.१ व्होल्टच्या वर गेला, तर काम अजून कच्चेच आहे.

दिव्यांचा काहीच परिणाम होत नसेल, पण अॅक्सिलरेटर दाबताच काटा उसळत असेल, तर सिग्नलची तार प्लगच्या तारांपासून दूर न्यावी. तिला त्यांच्याच जुडग्यात बांधून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते, तेव्हा मला खरोखर चीड येते. प्लगच्या तारा रेझिस्टन्स नसलेल्या, नुसत्या तांब्याच्या गाभ्याच्या असतील, तर त्याही बदलाव्यात.

काटा स्थिर आहे पण आकडा कमी दाखवतो, ही तक्रार वेगळी. या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे आणि पुष्कळ मीटरांवर चार, सहा, आठ एवढेच पर्याय असतात. चारवर ठेवलेले मीटर दर फेरीला दोन ठिणग्या धरून चालते, प्रत्यक्षात दीडच पडतात. म्हणून हजार फेऱ्यांना काटा ७५० वर थांबतो. यासाठी वायरिंग उपसू नये. तीनचा पर्याय असलेले मीटर घ्यावे, नाहीतर दिसणाऱ्या आकड्यात त्याचा एक तृतीयांश मिळवावा.

सिग्नलची तार इंजिनकडून केबिनमध्ये आणताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (तारेभोवतीचे कडे) बसवलाच पाहिजे. पत्र्याच्या कडेने तारेचे आवरण घासून ती बॉडीला टेकली, तर कॉइलचे ऋण टोक कायमचे अर्थ होते, ठिणगी पडत नाही आणि गाडी चालता चालता बंद पडते. अशा वेळी ही तार कॉइलवरून काढताच इंजिन पुन्हा सुरू होते.