बिडाचा तवा आणि तेरा मात्रा : ‘द टर्मिनेटर’चे संगीत घरी कसे उभे करावे

जेम्स कॅमेरॉनच्या १९८४ सालच्या ‘द टर्मिनेटर’ची श्रेयनामावली सुरू होते, तेव्हा पडद्यावर मोठाली अक्षरे एकमेकांवरून सरकत जातात आणि त्यांच्यामागे लोखंडावर घण पडावा तसा ठोका ऐकू येत राहतो. आमच्या पिढीतल्या अनेकांनी हा ठोका पहिल्यांदा ऐकला तो भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, दहा घरी फिरून आलेल्या कॅसेटवर, जिची टेप ताणली गेल्यामुळे सूर मधूनच हेलकावे खात असत. पुढे या संगीताच्या स्वच्छ आवृत्त्या मिळाल्या, २०१६ साली नव्याने संस्कारित केलेली आवृत्तीही आली. तरीही नुसते ऐकून मन भरत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. साधा संगणक, मोबाइल, हेडफोन आणि दोन-तीन फुकट प्रणाल्या एवढ्यावर हे काम होते. मात्र सुरुवातीलाच एक सांगतो : या चित्रपटाच्या नावाने मिळणारे प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेले तयार आवाज, घेऊ नयेत, कारण या संगीताचे मर्म आवाजाच्या पोतात कमी आणि हाताकडून झालेल्या एका चुकीत जास्त आहे.

ती चूक आधी समजून घेतली पाहिजे. ब्रॅड फिडेल या संगीतकाराने हे पार्श्वसंगीत सिंथेसायझरवर स्वतःच रचले आणि स्वतःच वाजवले. त्यात मुख्य वाद्य होते सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे प्रॉफेट-१०. वाद्यांना एकाच घड्याळाने बांधणारी मिडी ही पद्धत १९८३ च्या जानेवारीत जगापुढे आली होती, पण फिडेलची यंत्रे अजून त्या घड्याळाला जोडलेली नव्हती, त्यामुळे तालाचे आवर्तन कुठे संपवून पुन्हा सुरू करायचे हे त्याला बटण दाबून हातानेच ठरवावे लागत होते. बटण नेमक्या क्षणी दाबले गेले नाही, आवर्तन जिथे मिटायला हवे होते तिथे मिटले नाही, आणि चार-चारच्या सरळ हिशेबात न बसणारा, तेरा सोळांशांचा (सोळांश म्हणजे एका ठोक्याचा चौथा भाग) अडखळता ताल तयार झाला. फिडेलला त्याची ती धक्के देत पुढे ढकलण्याची चाल आवडली आणि त्याने ती तशीच ठेवली. मात्रा मोजून ही रचना झालेलीच नव्हती. तेराचा हिशेब नंतर लागला.

म्हणून पहिली पायरी ऐकण्याची आहे. मूळ चित्रपटाचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीतला, होता. २००१ च्या डीव्हीडीसाठी तो ५.१ मध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या सहा वाहिन्यांत, नव्याने मिसळला गेला. ज्यांच्या मनात जुनी आठवण आहे त्यांनी मोनो आवृत्तीच शोधावी, कारण तीत सगळे थर एकाच अरुंद दारातून एकदम बाहेर पडतात आणि त्या कोंडलेपणातच निम्मी भीती आहे. श्रेयनामावलीचा भाग हेडफोनवर तीन वेळा ऐकावा : पहिल्या वेळी फक्त धातूचा ठोका, दुसऱ्या वेळी त्याच्याखाली धडधडणारा खर्ज, आणि तिसऱ्या वेळी वर संथपणे उलगडणारी धून. तिन्ही एकदम ऐकू गेल्यास काहीच हाती लागत नाही.

दुसरी पायरी ताल तोंडात बसवण्याची. इथे पाश्चात्त्य स्वरलिपीपेक्षा आपले बोल फार उपयोगी पडतात. मी तेराची फोड तीन-तीन-तीन-दोन-दोन अशी करतो आणि ती म्हणतो : तकिट, तकिट, तकिट, तक, तक. प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्यावी. पाच टाळ्या पडतील, पहिल्या तीन ऐसपैस आणि शेवटच्या दोन घाईच्या. तबल्यात तेरा मात्रांचा जयताल आहे, तेव्हा तेराचे आवर्तन आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही, पण तिथे तेरावी मात्रा समेवर येण्यासाठी ठरवून ठेवलेली असते आणि इथे ती पाय घसरल्यासारखी येते. बोल म्हणताना शेवटच्या ‘तक’नंतर नकळत थांबायचा मोह होतो, एक मात्रा वाढवून चौदा केल्या की मनाला बरे वाटते. तो मोह आवरला की ताल बसला असे समजावे. मला स्वतःला याला चार दिवस लागले, आणि त्यातले दोन दिवस मी चौदाच म्हणत होतो.

तिसरी पायरी ठोक्याची, आणि ती मी सावकाश सांगणार आहे, कारण खरी मजा इथेच आहे. तो धातूचा आवाज फिडेलने फ्राइंग पॅनवर प्रहार करून मिळवला होता, म्हणजे हे संगीत स्वयंपाकघरातूनच निघाले आहे. आपल्याकडे याला सर्वांत जवळचे भांडे म्हणजे बिडाचा तवा, ज्यावर घावन आणि आंबोळ्या होतात. पोलादी तव्याचा आवाज पातळ येतो आणि नॉनस्टिकचा तर येतच नाही. तवा ओट्यावर ठेवून वाजवल्यास ओटाच त्याचा नाद गिळून टाकतो, म्हणून मूठ दोन बोटांत सैल धरावी किंवा मुठीच्या भोकातून सुतळी ओवून तवा अधांतरी टांगावा. मोबाइल साधारण एक वीत अंतरावर, तव्याच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे पहिल्या आघाताला आवाज फाटत नाही. लाटण्याने मारल्यास घुमार येतो, हातोडीने मारल्यास धार येते. दोन्हींचे दहा-दहा ठोके मुद्रित करून ठेवावेत, कारण शेवटी ते एकमेकांवर चढवायचे आहेत. एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी : बीड ठिसूळ असते. मी हातोडीने जोरात मारले आणि तव्याला मुठीजवळ केसाएवढी चीर गेली. आई दारात उभी राहून एवढेच म्हणाली, “अरे, तवा वाजवायला नसतो, भाजायला असतो.” तेव्हापासून मी हातोडीच्या तोंडाला चिंधी गुंडाळतो, आणि आवाजही खरे तर त्यानेच जास्त चांगला येतो.

मुद्रित केलेला ठोका तसाच वापरला तर तो तव्याचाच वाटतो. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन प्रणालीत तो उघडून त्याचा वेग निम्मा करावा. पट्टी एक सप्तक खाली येते आणि नाद दुप्पट लांबतो, त्याबरोबर तवा गायब होऊन कारखान्यातल्या एखाद्या दाब-यंत्राचा आवाज ऐकू यायला लागतो. लाटण्याचा घुमार निम्म्या वेगाचा आणि हातोडीची धार मूळ वेगाची, अशी जोडी एकावर एक ठेवून दोन्हींचे आरंभ जुळवावेत. आरंभापूर्वीची शांतता अगदी काठोकाठ कापावी, नाहीतर पुढे ताल बसवताना प्रत्येक ठोका उशिरा पडतो आणि दोष तालाचा आहे असे वाटत राहते.

चौथी पायरी सूरांची. प्रॉफेट-१० मध्ये दहा स्वर एकदम वाजू शकत आणि प्रत्येक स्वरामागे दोन ऑसिलेटर, म्हणजे मूळ ध्वनिलहर निर्माण करणारे भाग, होते. २०२० साली याच नावाचे नवे वाद्य पुन्हा बाजारात आले, पण त्यासाठी खिसा रिकामा करण्याची गरज नाही. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथेसायझर या कामाला पुरतो. त्यात दोन ऑसिलेटर करवती लहरीवर ठेवावेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा सहा-सात सेंटने वर चढवावा, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. फिल्टर चोवीस डेसिबल उताराचा लो-पास, म्हणजे वरच्या तीक्ष्ण लहरी अडवणारा, निवडावा आणि तो बऱ्यापैकी मिटलेला ठेवावा. खर्जाच्या धडधडीसाठी स्वर तत्काळ उठून पाव सेकंदात विझला पाहिजे. वरच्या धुनीसाठी तो साधारण ऐंशी मिलिसेकंदांत उठावा आणि बोट उचलल्यावर दीड-दोन सेकंद रेंगाळावा. जुन्या अॅनालॉग यंत्रांत सर्किट तापले की सूर सरकत असे. सर्जमध्ये त्यासाठी ऑसिलेटर ड्रिफ्ट नावाची कळ आहे, ती थोडीशीच वर न्यावी. कॅसेटची आठवण म्हणून ती पार टोकाला नेण्याचा मोह मलाही झाला होता, पण ताणलेली टेप हा त्या व्हिडिओ लायब्ररीचा दोष होता, संगीताचा नव्हे.

पाचवी पायरी निर्णायक आहे. रीपर किंवा तत्सम थर जोडून संगीत रचण्याच्या प्रणालीत ताल तेरा सोळांशांवर ठरवून जाळीवर पाच ठोके ठेवणे अगदी सोपे आहे, आणि नेमके तेच करू नये. आधी हिशेब पाहा : मिनिटाला शंभर ठोके धरले तर एक सोळांश ०.१५ सेकंदाचा होतो, बारांचे आवर्तन १.८० सेकंदांत, तेरांचे १.९५ मध्ये आणि चौदांचे २.१० मध्ये पुरे होते. म्हणजे सगळा खेळ डोळ्याचे पाते लवावे एवढ्या काळाचा आहे. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, बंद करून, तोंडाने तकिट-तकिट म्हणत, एका कळीवर तव्याचा आवाज ठेवून अर्धा मिनिट हाताने वाजवावे. मग त्यातले एक आवर्तन निवडावे, स्नॅप, म्हणजे तुकडे आपोआप जाळीला चिकटवणारी सोय, बंद करावे, आणि केवळ कानाच्या भरवशावर ते दोन्ही टोकांना कापून पुढे शंभर वेळा जोडावे. माझे आवर्तन १.९७ सेकंदांचे निघाले आणि मी ते दुरुस्त केले नाही.

इथे बरेच जण एक भलतीच सुधारणा करतात : यांत्रिकपणा जावा म्हणून प्रत्येक आवर्तनात ठोके थोडे थोडे मागेपुढे करतात. त्याने सगळा परिणाम नासतो. फिडेलच्या तालात माणसाच्या हाताची चूक एकदाच झाली आहे आणि यंत्र ती जशीच्या तशी, न थकता गिरवत राहते. पडद्यावर जे मारेकरी यंत्र थांबत नाही आणि ज्याच्याशी वाटाघाट करता येत नाही, त्याच्या पावलांना हाच ताल शोभतो. चूक दर वेळी बदलली की मागून एखादा दमलेला ढोलवादक येत असल्यासारखे वाटते. खर्जाची धडधड याच आवर्तनाला चिकटवावी. वरची धून मात्र याउलट, मोकळ्या हाताने, आवर्तनाची फिकीर न करता वाजवावी आणि स्वर आपोआप जाळीवर बसवणाऱ्या क्वांटाइझच्या कळीला हातही लावू नये. ती धून शोधायला स्वरलिपी लागत नाही. घरात पेटी असेल तर तिच्यावर कानाने बसवावी, फार मोठी पल्लेदार नाही. ही रचना अर्थातच हक्कांकित आहे, तेव्हा ती घरापुरती ठेवावी. लोकांपुढे मांडायचे असेल तर ताल ठेवून वर स्वतःची धून रचावी.

धून हाती लागली की एक प्रयोग जरूर करावा : तव्याचे आणि खर्जाचे दोन्ही थर बंद करून तीच धून पियानोच्या आवाजात, निम्म्या लयीत वाजवून पाहावी. चित्रपटात नायिका सारा आणि नायक रीस यांच्या प्रणयप्रसंगी ती पियानोवर येते, आणि श्रेयनामावलीत ज्या सुरांनी अंगावर काटा आणला तेच सूर तिथे पोरके वाटू लागतात. सिंथेसायझरच्या संगीताला थंड म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी एवढाच भाग ऐकवतो. उलट दिशेचा धडाही याच चित्रपटात आहे : पोलीस ठाण्यातून दोघे निसटतात त्या प्रसंगासाठी फिडेलने वीरश्रीचे संगीत रचले होते, पण प्रेक्षकांचा ताण सैल पडेल या विचाराने कॅमेरॉनने ते नाकारले. म्हणून आपल्या रचनेतही मध्येच तुताऱ्या फुंकण्याची इच्छा झाल्यास तो थर रिकामाच सोडावा. १९९१ च्या दुसऱ्या भागात फिडेलने फेअरलाइट हा नमुने साठवणारा संगणक हाताशी धरला, त्याची घडण निराळी आहे आणि वरच्या कृतीने तो आवाज निघणार नाही.

मिश्रणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तवा सर्वांत पुढे, खर्ज त्याच्या जरा मागे, धून त्याहून मागे आणि तिच्यावरच थोडा घुमारा. बाकी थर कोरडे ठेवावेत. शेवटी सगळे मोनोमध्ये उतरवावे आणि ते महागड्या स्पीकरवर न तपासता जुन्या टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर ऐकावे. तिथे खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, आणि तरीही तव्याच्या पाच ठोक्यांवरून शेजारच्या खोलीतून कुणी “हे टर्मिनेटरचं ना?” असे विचारले, तर फाइल जतन करून संगणक बंद करायला हरकत नाही. माझ्याकडे तो प्रश्न आईने विचारला नाही. तिने फक्त तवा कुठे आहे ते विचारले.