एसी फील्डची फ्रिक्वेन्सी आधी कागदावर काढा
मॉलेक्युलर डायनॅमिक्समध्ये, म्हणजे अणुरेणूंच्या हालचालींच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये, दोन इलेक्ट्रोडमधल्या मिठाच्या पाण्यावर एसी फील्ड (सतत दिशा बदलणारं विद्युत क्षेत्र) लावायचंय ना, मग फ्रिक्वेन्सी अंदाजपंचे टाकू नका, आधी चार्जिंगचा वेळ (इलेक्ट्रोडजवळ आयनांचा थर जमायला लागणारा) काढा: डिबाय लांबी (त्या थराची साधारण जाडी) गुणिले निम्मी गॅप, भागिले आयनांचा डिफ्यूजन कॉन्स्टंट. ०.१ मोलरला डिबाय लांबी साधारण १ नॅनोमीटर, गॅप २० नॅनोमीटर आणि डिफ्यूजन कॉन्स्टंट १ चौरस नॅनोमीटर प्रति नॅनोसेकंद धरलं तर येतात १० नॅनोसेकंद, म्हणजे खरी गंमत १ भागिले (२π गुणिले हा वेळ), १६ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि तिथली एकच सायकल ६० नॅनोसेकंदांच्या वर, मग ५ नॅनोसेकंदांच्या रनमधून फेज (आयन फील्डच्या किती मागे पडतात ते) काढणं म्हणजे निव्वळ टाइमपास. सुरुवातीच्या दोन-तीन सायकली फेकूनच द्या. आणि हो, थर्मोस्टॅट (सिम्युलेशनमध्ये कणांचे वेग बदलून तापमान स्थिर ठेवणारा भाग) फील्डच्या दिशेला नको, फक्त आडव्या दिशांना, नाहीतर आयनांचा वेग तोच खाऊन बसतो.