जुनं फाउंटन पेन हाती आलं की या चुका टाळा

सत्तर-ऐंशी वर्षं खणात पडून राहिलेलं पेन सहसा खणात मोडत नाही. ते मोडतं नव्या मालकाच्या हातात, पहिल्या दोन-चार दिवसांत. लिहितं का ते बघायची घाई प्रत्येकाला होते. मलाही झाली होती. हार्ड रबराचं एक काळंभोर पेन मी वाळलेली शाई सुटावी म्हणून रात्रभर पाण्यात उभं करून ठेवलं. सकाळी शाई सुटली होती, पण पेन मळकट, शेवाळी-तपकिरी झालं होतं. वरचा थर घासला की खालचा काळा रंग दिसतो खरा, पण त्याबरोबर दांड्यावर उमटवलेलं कंपनीचं नाव आणि नक्षीही जाते.

म्हणून पेन लिहितं का, हे नंतर. ते कशाचं बनलंय, हे आधी.

पाणी, स्पिरिट आणि घाई

हार्ड रबर म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडाने त्याचा पृष्ठभाग हळूहळू बदलत असतो आणि पाणी लागलं, त्यातही गरम पाणी, की तो बदल एकदम डोळ्यांत भरतो. दांडा अंगठ्याने जोरात घासून नाकाशी धरा. गंधकाचा वास आला तर हार्ड रबर, कापराचा आला तर सेल्युलॉइड, म्हणजे एक जुन्या काळचं प्लास्टिक. तिसरा प्रकार केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. कॉनवे स्ट्यूअर्ट या ब्रिटिश कंपनीची कितीतरी सुंदर रंगीत पेनं केसीनची आहेत. केसीन पाणी पितं, फुगतं आणि सुकताना वाकडं होतं किंवा तडकतं.

साधं गार पाणी फक्त निब आणि तिच्याखालची जीभ बुडेल एवढंच घ्या, थोड्या थोड्या वेळाने बदला, दांडा कोरडा ठेवा. केसीनच्या पेनाला तेवढंही नको, ओल्या कापडाने निब टिपत राहा. स्पिरिट आणि अ‍ॅसिटोन जवळसुद्धा आणू नका. अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइड चक्क विरघळतं.

लिव्हर उघडत नाही?

मग उघडू नका. ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते, कारण ती एका सेकंदात होते. लिव्हर म्हणजे दांड्याच्या बाजूची, शाई भरताना उचलायची छोटी पट्टी. अशा पेनात शाई रबरी पिशवीत भरली जाते. ती पिशवी जुनी झाली की वाळून काटकीसारखी कडक होते आणि लिव्हर तिच्यावर अडतो. नखाने जोर लावला की लिव्हर वाकतो, त्याची पिन निसटते, नाहीतर फटीच्या कडेने दांड्याला चीर जाते. पेन कानाशी धरून हलवा. आत खडखडलं तर पिशवीचे तुकडे झालेत, असं समजा.

पिशवी बदलायची म्हणजे निबेकडचा पकडीचा भाग दांड्यातून सोडवायचा. काही पेनांत तो नुसता दाबून बसवलेला असतो, काहींत आटे असतात. कुठलं मॉडेल कसं आहे हे कळल्याशिवाय ओढायचंही नाही आणि पिळायचंही नाही. जोड बहुतेक वेळा शेलॅकने, म्हणजे चपडी लाखेने चिकटवलेला असतो. ही लाख साधारण 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. हेअर ड्रायरच्या उबेत पेन सतत फिरवत राहा. बोटांना चटका बसायला लागला की थांबा, हलक्या हाताने प्रयत्न करा, नाही सुटलं तर पुन्हा ऊब द्या. पाच-सहा फेऱ्या लागल्या तरी हरकत नाही. मेणबत्ती किंवा लायटर कधीच नको. जुनं सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, ते भडकन पेटतं. उघड्या दातांची पक्कडही नको.

परत बसवताना सुपरग्लू वापरलात, तर पुढच्या माणसाला पेन फोडल्याशिवाय उघडता येणार नाही. लाखच वापरा.

जे चालतंय ते बदलू नका

पार्कर 51 हे पेन 1941 मध्ये आलं आणि 1948 पासून त्यात एरोमेट्रिक भरणी, म्हणजे पट्टी दाबून पिशवीत शाई ओढायची सोय, मिळू लागली. तिची पारदर्शक पिशवी रबराची नाही, पीव्हीसीची आहे, आणि बहुतेक पेनांत ती आजही ठणठणीत असते. तरी लोक ती काढून रबरी पिशवी बसवतात. आधी निब पाण्यात बुडवून पट्टी दाबा. बुडबुडे जोमाने आले तर पिशवीला हात लावू नका. कमी आले तर बरेचदा आतल्या बारीक खाचांत शाई वाळलेली असते. पाणी भरून काढत दोन दिवस धीर धरा.

कार्बनची ड्रॉइंग इंक मात्र कोणत्याच फाउंटन पेनात भरू नका.

निब खरखरली की लोक पॉलिश पेपर घेतात. आधी दहा पट भिंगाखाली बघा. खरखर बहुधा दोन टोकं वरखाली झाल्यामुळे असते आणि ती नखाने समपातळीत आणता येतात. टोकावरचा कठीण धातूचा ठिपका एकदा घासला गेला की परत येत नाही.

किंमत ठरवताना

विक्रेता काय मागतो, ती किंमत नव्हे. त्याच मॉडेलचं पेन प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं, ते शोधा. 14 कॅरेटच्या निबेत सोनं 58.5 टक्के असतं, पण लहान निबेचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. सोन्याच्या भावाने पेन मोजणाऱ्याला निब वितळवण्यापलीकडे काही सुचत नाही, याचं वाईट वाटतं. टोपणावर '1/10 14के' असं असेल तर ते भरीव सोनं नाही, वरचा थर तेवढा सोन्याचा.

खरी किंमत ठरते ती पेनाच्या अस्सलपणावर. उदाहरणार्थ, वॉटरमन कंपनीच्या 52 या मॉडेलच्या आकड्यातला 5 म्हणजे लिव्हरची भरणी आणि 2 म्हणजे निबेचा आकार. निबेवर दुसराच आकडा असेल तर दोन पेनांचं मिळून एक केलेलं असू शकतं. टोपणाच्या कडेला केसाएवढी चीर आहे का, ते उजेडाकडे धरून तपासा. आणि चमक यावी म्हणून विकण्यापूर्वी पॉलिश करू नका. दांड्यावरची ठळक अक्षरं पुसट झाली की जाणकार पेन खाली ठेवून देतो.

सेल्युलॉइडची पेनं बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. कुजायला लागलेल्या एका पेनाची वाफ शेजारच्या पेनांनाही खाते. ते लगेच वेगळं काढा आणि बाकीची उजेडापासून दूर, हवा खेळेल अशा खणात ठेवा.