थरथरत्या ब्लेडवरचा बदलता दाब कसा मोजावा: आधी फेज सांभाळा

कॉम्प्रेसरचं किंवा टर्बाइनचं ब्लेड थरथरताना हवा त्याला ऊर्जा देते की त्याच्याकडून काढून घेते, यावर फ्लटर (आपोआप वाढत जाणारी थरथर) होणार की नाही ते ठरतं. दाबाचा जो भाग ब्लेडच्या विस्थापनाशी ९० अंशांनी पुढे-मागे असतो, तेवढाच हे काम करतो. विस्थापनाबरोबर चालणारा भाग एका आवर्तनात शून्य काम करतो. म्हणून दाबाची तीव्रता थोडी चुकली तर एक वेळ चालेल, पण फेज (दाब विस्थापनाच्या किती पुढे वा मागे आहे, ते अंशांत) पाचेक अंशांनी चुकली तर स्थिर ब्लेड अस्थिर दिसू शकतं.

उदाहरण म्हणून रेषीय कॅस्केड (सरळ रांगेत बसवलेली ब्लेड) घेऊ. कॉर्ड (ब्लेडची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) १०० मिमी, हवेचा वेग १०० मी/से, मधलं एकच ब्लेड ०.५ मिमी मोठेपणाने (मध्यस्थितीपासून एका बाजूला) वर-खाली हलतं. कंप्रता १६० हर्ट्झ ठेवा. अर्ध्या कॉर्डवर आधारलेली रिड्यूस्ड फ्रिक्वेन्सी, म्हणजे कंपनाची हवेच्या वेगाशी तुलना सांगणारा आकडा (π × कंप्रता × कॉर्ड ÷ वेग), साधारण ०.५ येते. १५० हर्ट्झ मात्र नको: ती ५० हर्ट्झच्या विजेची तिसरी हार्मोनिक आहे आणि मेन्सची गुणगुण सरासरी काढूनही जात नाही.

टॅपची, म्हणजे ब्लेडच्या पृष्ठभागावर दाब मोजायची, छिद्रं ०.५ मिमीची, कडा धारदार, बर (कडेला उरलेला धातूचा कंगोरा) अजिबात नको. पुढच्या कडेजवळ ती दाट घ्या, दाब तिथेच झपाट्याने बदलतो. सेन्सर पृष्ठभागाशी सपाट बसवता आला तर उत्तम. पातळ ब्लेडमध्ये ते जमत नाही, मग छिद्रापासून सेन्सरपर्यंत नळी आलीच. १०० मिमी नळीचा पाव तरंगलांबीचा अनुनाद सुमारे ८६० हर्ट्झला असतो, आणि सेन्सरसमोरच्या पोकळीमुळे तो आणखी खाली येतो. बारीक नळीत घर्षणामुळे फेज मागे पडते. किती, हे सूत्रावर सोडू नका. छोट्या बंद कोठडीत लाउडस्पीकर लावून टॅपशेजारी सपाट बसवलेला संदर्भ सेन्सर ठेवा आणि २० ते १००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक टॅपचा प्रतिसाद वेगळा नोंदवा. एकाच लांबीच्या दोन नळ्याही सारख्या वागत नाहीत. डिंकाचा एक थेंब आत गेला की पुरे. त्याआधी गळती तपासा.

आता त्वरण. ०.५ मिमी आणि १६० हर्ट्झला ते सुमारे ५०० मी/से², म्हणजे ५१ जी होतं. कंपनाच्या दिशेत १०० मिमी नळी असेल तर तिच्यातल्या हवेच्या जडत्वानेच ६० पास्कलचा खोटा दाब दिसतो, आणि मोजायचा खरा दाब काही दहा ते शेकडो पास्कलचा! म्हणून नळी स्पॅनच्या (ब्लेडच्या लांबीच्या) दिशेने, कंपनाला काटकोनात न्या. सेन्सरचा पडदाही त्वरणाला दाब समजतो. तो भाग ओळखण्यासाठी वारा बंद करा, टॅपवर ताठ चिकटपट्टी लावा आणि ब्लेड हलवा. उरलेला सिग्नल मोठेपणा आणि फेजसह वजा करायचा. ही चाचणी नळीतल्या हवेचा परिणाम पूर्ण पकडत नाही, कारण नळीची दोन्ही तोंडं बंद असतात.

डिफरेन्शियल (दोन बाजूंच्या दाबांतला फरक मोजणाऱ्या) सेन्सरची मागची बाजू लांब, बारीक नळीने स्थिर दाबाच्या टाकीला जोडा, नाहीतर तिकडूनही चढउतार येतील.

ब्लेडचं विस्थापन लेझरने मोजा, पण त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर विसरू नका. १०० मायक्रोसेकंद म्हणजे इथे जवळपास ६ अंश. सगळी चॅनेल एकाच क्षणी सॅम्पल होणारी आणि सारख्या अँटी-अलियासिंग फिल्टरची (सॅम्पलिंगला न पेलणाऱ्या उंच कंप्रता गाळणाऱ्या) हवीत. दर १० किलोहर्ट्झ पुरतो. विस्थापनाला बांधून ४०० आवर्तनांची सरासरी घेतली की असंबद्ध गोंगाट २० पट घटतो.

हलत्या ब्लेडवर आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन शेजाऱ्यांवर मोजा. आंतर-ब्लेड फेज कोनानुसार (शेजारच्या दोन ब्लेडच्या कंपनांतल्या फेजच्या फरकानुसार) त्यांची बेरीज केली की सगळी ब्लेड हलत असतानाचं चित्र मिळतं. हे गणित रेषीयतेवर (विस्थापन दुप्पट तर दाबही दुप्पट) उभं आहे. म्हणून ०.२५ मिमीलाही मोजा. दाब भागिले विस्थापन आणि फेज तीच आली तर ठीक. नाही आली तर प्रवाह कुठेतरी पृष्ठभागापासून सुटतोय किंवा ब्लेडचं माउंटिंग सैल आहे. आधी स्क्रू बघा.