‘बँक पॅनिक’: नजर वरच्या पट्ट्यांवर ठेवा

सेगाच्या १९८४ सालच्या ‘बँक पॅनिक’ या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही वाइल्ड वेस्टमधल्या बँकेचे राखणदार असता. दारं बारा, पण स्क्रीनवर एका वेळी तीनच दिसतात. दिसणाऱ्या प्रत्येक दाराला गोळी झाडायचं वेगळं बटण आहे: डावं, मधलं, उजवं. त्यामुळे तीन बोटं तीन बटणांवर कायम टेकवून ठेवा; एकाच बोटाने इकडून तिकडे धावाल तर उशीर झालाच म्हणून समजा.

नवखे खेळाडू समोरच्या दारांकडे टक लावून बसतात आणि तिथेच फसतात. खरी माहिती वर असते. तिथे प्रत्येक दाराच्या नंबरापाशी एक पट्टी आहे. ती भरत आली की त्या दाराशी कोणीतरी पोचतंय असं समजावं आणि आधीच तिकडे सरकावं. पैसे जमा झालेल्या दारांवर डॉलरची खूण येते. बाराही दारांवर ती आली की लेव्हल पार, म्हणून खूण नसलेल्या दारांना आधी गाठा.

दारात दरोडेखोर दिसला तर गोळी झाडायची, पण दार उघडताच बटण दाबू नका. पैशांची थैली घेऊन आलेल्या ग्राहकाला गोळी लागली की एक जीव गेला! कधी कधी ग्राहक दिसतो न दिसतो तोच त्याला बाजूला ढकलून दरोडेखोर पुढे येतो, तेव्हा थैली दिसली तरी बोट ढिलं सोडू नका. डोक्यावर टोप्यांची चळत घेतलेला पोरगा आला तर मात्र बेधडक गोळ्या झाडा; टोप्या एकेक करून उडतात आणि बक्षीस मिळतं. दारावर बॉम्ब लागला तर बाकी सगळं सोडून तिकडे पळा.