नाट्यगृहे पुन्हा भरावीत म्हणून: पोस्टर-मोहिमेची आखणी

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे मुंबईतली नाट्यगृहे बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे नेमकी मराठी रंगभूमी दिनी, ती निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा निम्म्या खुर्च्यांवर प्रयोग सुरू झाले. अशा उघडझापीत उत्पन्न तर बुडतेच, पण ‘शनिवारी शिवाजी मंदिरला काय लागलंय’ हे पाहण्याची प्रेक्षकाची सवयही मोडते. साथ असो, पूर असो वा नाट्यगृहाचे लांबलेले नूतनीकरण, त्यानंतरच्या पोस्टर-मोहिमेने ही सवय पुन्हा लावायची असते, आणि पोस्टरवरच्या प्रत्येक गोष्टीची निवड याच कसोटीवर करावी.

मजकुरापासून सुरुवात करावी. ‘रंगभूमी वाचवा’ हे आवाहन कितीही मनापासून केलेले असले, तरी ते वाचून नाटकाला जाणे म्हणजे आजाऱ्याच्या समाचाराला जाणे आहे असे वाटू लागते, आणि समाचाराला माणूस एकदाच जातो. त्याऐवजी ‘तिसरी घंटा झाली आहे’ यासारखी, नाट्यरसिकाच्या ओळखीची आणि काम सुरू झाल्याचे सांगणारी एकच ओळ घ्यावी आणि तिच्याखाली नाटक, नाट्यगृह, वार, तारीख, वेळ व तिकिटाचा दर द्यावा. दर लपवू नये. बऱ्याच दिवसांनी नाटकाला निघालेले कुटुंब तो आधी पाहते. पडद्यामागच्या कामगारांसाठी निधी गोळा करायचा असेल, तर त्याचे पोस्टर वेगळे काढावे आणि पैसे कोणाकडे, कशासाठी जाणार आहेत हे त्यावर स्पष्ट लिहावे.

चित्रासाठी रिकाम्या खुर्च्या, मिटलेला पडदा आणि हसऱ्या-रडक्या मुखवट्यांची जोडी सर्वांना आधी सुचते. तिन्ही टाळावीत असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण त्यांत बंद पडल्याची खूण आहे, सुरू झाल्याची नाही. तालमीला किंवा प्रयोगाच्या दिवशी दुपारी जाऊन काम चालू असतानाची छायाचित्रे घ्यावीत: आरशासमोर बसलेल्या नटाच्या ओठावर मिशी दाबून धरणारी रंगभूषाकाराची बोटे, कपडेपटातल्या नऊवारीला इस्त्री करणारा माणूस, अंक बदलताना पलंग उचलून नेणारे बॅकस्टेजवाले. ज्यांचे छायाचित्र वापरायचे त्यांची संमती घ्यावी आणि पोस्टरवर त्यांचे नाव व काम छापावे. संकटाच्या काळात याच लोकांच्या हातचे काम सर्वांत आधी गेले होते.

अक्षरांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मराठी नाटकांच्या जाहिरातींना शीर्षकाच्या खास अक्षरलेखनाची मोठी परंपरा आहे. कमल शेडगे यांनी घडवलेली नाटकांची नावे प्रेक्षक अक्षरांवरूनच ओळखत, आणि त्यांचे निधनही त्याच २०२० च्या जुलैमध्ये झाले. जुन्या नाटकाचा प्रयोग पुन्हा लागत असेल, तर त्याचे मूळ अक्षरलेखन, परवानगी घेऊन, तसेच वापरावे. बाकी मजकुरासाठी मुंबईतल्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे काही देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात. जागा भरण्यासाठी अक्षरे ताणू नयेत किंवा त्यांच्यामधले अंतर वाढवू नये, कारण ताणली की अक्षरे बेढब होतात आणि अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. दोन ओळी फार जवळ आल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात अडकतो. म्हणून पडद्यावर ठीक दिसले तरी एक प्रत खऱ्या आकारात छापून भिंतीवर लावावी आणि तीन मीटर मागे जाऊन वाचावी. त्या अंतरावरून सहज वाचायच्या ओळीची उंची अडीच सेंटीमीटरच्या आसपास लागते.

मुंबईचा प्रेक्षक बहुधा आपल्या उपनगरातल्या नाट्यगृहात जातो. त्यामुळे शहरभर एकच पोस्टर लावण्यापेक्षा रचना तीच ठेवून बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्यात दीनानाथ मंगेशकर, मुलुंडमध्ये कालिदास अशी नाट्यगृहानुसार आवृत्ती काढावी. तारखेची पट्टी तळाशी वेगळी राखावी, म्हणजे प्रयोग पुढे गेला तर पट्टीच तेवढी नव्याने छापून चिकटवता येते. अनिश्चित काळात ही सोय फार मोलाची ठरते.

जागेनुसार मजकूर कमी-जास्त करावा. दादरच्या पुलावर गर्दी थांबत नाही, तिथे नाव, नाट्यगृह आणि वार पुरे. सोसायटीचा सूचनाफलक, वाचनालय, उपाहारगृहाचा गल्ला येथे माणूस उभा राहतो, तिथे ए-३ आकाराच्या पोस्टरवर पूर्ण तपशील आणि क्यूआर कोड द्यावा. हा कोड चार-पाच सेंटीमीटरपेक्षा लहान नसावा, डोळ्यांच्या पातळीवर यावा आणि थेट त्या प्रयोगाच्या बुकिंगवर नेणारा असावा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते व कोड वाचला जात नाही, मॅट घ्यावे.

परवानगीच्या बाबतीत हयगय नको. रेल्वेच्या हद्दीत रेल्वेच्या वाणिज्य विभागाची, रस्त्यावर महापालिकेच्या परवाना खात्याची आणि खासगी भिंतीवर मालकाची लेखी संमती लागते. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे, आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरचे होर्डिंग कोसळून माणसे दगावल्यापासून या शहरात जाहिरातफलकांकडे पाहण्याची नजर बदलली आहे. कलेसाठी लावलेले पोस्टरही त्याला अपवाद नाही.

प्रत्येक भागासाठी क्यूआर कोड वेगळा ठेवावा आणि तिकीटखिडकीवर बसणाऱ्याला ‘कुठे वाचलंत?’ एवढे विचारून वहीत नोंद करायला सांगावे. पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी पाहूनच दुसरी छपाई करावी, आणि प्रयोग होऊन गेलेली पोस्टरे ज्यांनी लावली त्यांनीच दुसऱ्या दिवशी उतरवावीत.